चांदणी, पाळी आणि पांझरेकाठची माणसं

महाराष्ट्राचा नकाशा काढा बघू! आता बोट ठेवा धुळे जिल्ह्यावर. तिथून सरकत सरकत पश्चिमेला या. साक्री तालुका लागला? आणखी थोडं पुढे. डावीकडे नाशिक जिल्ह्यातलं बागलाण, समोर गुजरातचा डांग जिल्हा, आणि या दोघांच्या कुशीत एक गाव. त्याचं नाव पिंपळनेर. मी याच भागातल्या एका पाड्यावरच्या प्राथमिक शाळेत शिकवतो.

आमच्या खानदेशात 'नेर'वाली गावं पुष्कळ. अमळनेर, जामनेर, नुसतं नेर आणि आमचं पिंपळनेर. शाळेत आम्ही 'नेर'ची अंताक्षरी खेळतो. तुम्हीही खेळून बघा.

पिंपळनेरला सहल न्यावी, असं फारसं कुणाच्या मनात येत नाही. मांगी-तुंगीला जाणारे शेलबारी घाटाने पलीकडे उतरतात, साल्हेर-मुल्हेरचे किल्ले बघणारेही तिकडूनच जातात. पण आज मी तुम्हांला किल्ला दाखवणार नाही की धबधबाही दाखवणार नाही. आज आपण जाणार आहोत नाताळाच्या तयारीला! हो, नाताळाच्या तयारीलाच. आमच्या पश्चिम पट्ट्यातल्या काही पाड्यांवर छोटी छोटी प्रार्थनाघरं आहेत. कौलांची किंवा पत्र्यांची, आपल्या घरांसारखीच. तिथे येत्या काही महिन्यांत काय काय होणार आहे, तिथे कोण काय काम करतं आणि तुमच्या-माझ्यासारख्या पाहुण्यांनाही त्यात हात कसा लावता येतो, हे सांगायला हा लेख लिहितो आहे.

पण त्याआधी नदीकडे जाऊ. कारण या गोष्टीची सुरुवात नदीपासून होते.

नदीने शिकवलेला शब्द

पिंपळनेरला लागून वाहते ती पांझरा नदी. आमच्याच डोंगरांत तिचा उगम. तिथून ती धुळे शहरातून जाते आणि पुढे तापीला मिळते. पावसाळ्यात दुथडी भरून वाहते, उन्हाळ्यात मात्र अगदी रोडावते.

आता मला सांगा, नदीत पाणी थोडं आणि शेतकरी पुष्कळ, तर काय होईल? भांडणं होतील! पण आमच्या पूर्वजांनी शेकडो वर्षांपूर्वी यावर एक युक्ती काढली. तिला म्हणतात 'फड पद्धत'. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर त्यांनी दगडी बंधारे बांधले. बंधाऱ्यातून पाट काढला. पाटाखालच्या जमिनीचे मोठे मोठे भाग पाडले, त्यांना म्हणायचं फड. एका फडात एका वेळी सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. शेतकऱ्याची जमीन एकाच ठिकाणी नसते, तिचे तुकडे वेगवेगळ्या फडांत असतात. म्हणजे काय होतं माहीत आहे? दुष्काळात पाणी कमी पडलं आणि एखादा फड कोरडा ठेवावा लागला, तर नुकसान एकट्या-दुकट्याचं होत नाही. सगळ्यांचं थोडं थोडं होतं!

पाणी सोडायला असतो पाटकरी, राखण करायला जागल्या. आणि पाटातला गाळ काढायची वेळ आली, की सगळ्यांनी मिळून तो काढायचा. प्रत्येकाला पाण्याची पाळी ठरलेली आणि प्रत्येकाला कामाची पाळीही ठरलेली.

'पाळी' हा शब्द लक्षात ठेवा बरं का! पुढे लागणार आहे.

कोंडाईबारी उतरून

चला, आता एस.टी.त बसू. पिंपळनेरहून साक्रीला यायचं आणि तिथून सुरतच्या दिशेने जाणारी गाडी पकडायची. डोंगरमाथ्यांवर पवनचक्क्यांची पांढरी पाती फिरताना दिसतात. दहिवेल गेलं की कोंडाईबारीचा घाट लागतो. सागाची झाडं दाट होऊ लागतात. घाट उतरला की आपण नंदुरबार जिल्ह्यात येतो. हा जिल्हा वयाने तुमच्या आई-बाबांहूनही लहान असेल! १ जुलै १९९८ रोजी तो धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला.

पुढे विसरवाडी, चिंचपाडा आणि मग नवापूर. नवापूरचं रेल्वे स्टेशन तर एक गंमतच आहे. ते अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये आहे. तिथे एक बाक आहे. त्याच्या एका टोकाला बसलात तर तुम्ही महाराष्ट्रात, सरकून दुसऱ्या टोकाला गेलात तर गुजरातमध्ये! दोन मित्र एकाच बाकावर बसून दोन राज्यांतून एकमेकांना शेंगदाणे देऊ शकतात.

या पट्ट्यात भिल्ल, कोकणी, मावची असे आदिवासी समाज राहतात. इथली कोकणी बोली म्हणजे गोव्याची कोकणी नव्हे, हं. ती कोकणा समाजाची बोली, डांगापासून आमच्या पिंपळनेरच्या डोंगरापर्यंत बोलली जाते. मार्गशीर्षात इथे डोंगऱ्यादेवाचा उत्सव होतो. रात्रभर पावरी वाजते. आणि त्याच थंडीत, पलीकडच्या एखाद्या पाड्यावर बांबूच्या उंच काठीवर कागदाची चांदणी लटकते. तो असतो नाताळ.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्वीडन आणि अमेरिकेतून आलेले मिशनरी खानदेशात काम करू लागले. त्यांनी शाळा, दवाखाने काढले. चिंचपाड्याचं ख्रिस्ती रुग्णालय १९४२ साली सुरू झालं आणि आजही चालू आहे. आजूबाजूच्या पाड्यांवरचे लोक तिथे उपचारांना येतात. आमच्या भागात सिकलसेल नावाचा रक्ताचा आजार आढळतो. त्यात रक्तातल्या तांबड्या पेशी गोल न राहता विळ्यासारख्या वाकड्या होतात, अंग दुखतं, मूल लवकर थकतं. हा आजार आई-वडिलांकडून मुलांकडे येतो. तो संसर्गाने होत नाही, तेव्हा अशा मित्राशेजारी बसायला मुळीच घाबरू नका. रक्ताच्या साध्या तपासणीत तो कळतो. पालकांनो, तपासणीचं शिबिर गावात आलं, तर मुलांना जरूर घेऊन जा.

प्रार्थनाघरात पाऊल ठेवताना

पाड्यावरच्या प्रार्थनाघरात पहिल्यांदा गेलो, तेव्हा मला वाटलं होतं की आत सगळं इंग्रजी असेल. तसं काहीच नव्हतं! बाहेर चपलांची रांग, आत सतरंजी, कोपऱ्यात पेटी आणि ढोलक. गाणी मराठीत, काही कोकणीत आणि मावचीतही.

तिथले काही शब्द आधी शिकून घेऊ. एकत्र येऊन केलेल्या प्रार्थनेला म्हणतात उपासना. तिथे येणाऱ्या सगळ्या लोकांची मिळून होते मंडळी. उपासना चालवतात ते पाळक. मुलांचा रविवारचा वर्ग म्हणजे शब्बाथशाळा. आणि सगळ्यांनी मिळून पंगतीत जेवायचं, ते प्रीतिभोजन. वसईसारख्या कॅथलिक गावांत गेलात तर तिथे उपासनेला मिस्सा म्हणतात आणि पाळकांच्या जागी फादर असतात.

मराठी आणि ख्रिस्ती धर्म यांचं नातं काही कालपरवाचं नाही. फादर थॉमस स्टीफन्स नावाचे एक इंग्रज गृहस्थ १५७९ साली गोव्यात आले. इथली भाषा शिकले, आणि त्यांनी 'ख्रिस्तपुराण' लिहिलं. तेही ओवीत! दहा हजारांहून अधिक ओव्या. ते १६१६ साली छापलं गेलं. आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक तर तुम्हां सर्वांच्या ओळखीचे आहेत. फुला-मुलांचे कवी! 'केवढे हे क्रौर्य' ही पक्ष्याची कविता त्यांचीच. १८९५ साली ते ख्रिस्ती झाले, पण कीर्तन, भजन, अभंग यांची गोडी त्यांनी सोडली नाही. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक यांचं 'स्मृतिचित्रे' मोठे झालात की नक्की वाचा. तुमच्या आईला विचारा, तिने वाचलं असेल.

चार रविवारांची वाट

नाताळ २५ डिसेंबरला असतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्याची सुरुवात कधी होते? चार रविवार आधी! या काळाला आगमनकाळ म्हणतात. म्हणजे कुणीतरी येणार आहे, तर त्याची वाट बघायची, घर झाडायचं, मनही झाडायचं. दर रविवारी एक याप्रमाणे चार मेणबत्त्या लावतात.

या मेणबत्त्यांची गोष्ट मला फार आवडते. जर्मनीत हॅम्बुर्ग शहरात योहान विखर्न नावाचे गृहस्थ गरीब, निराधार मुलांसाठी वसतिगृह चालवत. डिसेंबर लागला की मुलं रोज विचारून विचारून त्यांना भंडावून सोडत, 'नाताळ कधी? किती दिवस राहिले?' तेव्हा १८३९ साली विखर्न यांनी गाडीचं एक चाक घेतलं आणि त्यावर मेणबत्त्या बसवल्या. रविवारसाठी चार मोठ्या पांढऱ्या, इतर दिवसांसाठी लहान लाल. रोज एक पेटवायची. मुलांनी स्वतःच मोजावं, किती पेटल्या, किती राहिल्या! बघा, आज जगभर जी प्रथा आहे, ती मुलांच्या एका प्रश्नातून निघाली.

गाण्याचीही अशीच गोष्ट. 'सायलेंट नाईट' या प्रसिद्ध गीताची चाल कुणी बांधली ठाऊक आहे? ऑस्ट्रियातल्या एका शाळामास्तरांनी! त्यांचं नाव फ्रान्झ ग्रूबर. शब्द होते योसेफ मोर या धर्मगुरूंचे. २४ डिसेंबर १८१८ च्या रात्री ओबेर्नडॉर्फ या गावात ते गिटारीच्या साथीवर पहिल्यांदा गायलं गेलं. शाळामास्तरांचं नाव आलं की माझी छाती उगाचच थोडी फुगते!

आणि गव्हाणीचा देखावा? तो इटलीतल्या ग्रेच्चो गावी संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली मांडला. गवत, बैल, गाढव, सगळं खरंखुरं. आमच्या पाड्यांवर मात्र बैल बाहेरून आणावा लागत नाही. तो शेजारच्या गोठ्यातच रवंथ करत असतो.

कामांची यादी

आता येऊ या खऱ्या कामाकडे. नाताळाच्या आधी मंडळीची एक बैठक होते. कामांची यादी करायची आणि प्रत्येक कामापुढे पाळी लावायची. एका पाड्यावरच्या अशा बैठकीला मला बोलावलं होतं, कारण अक्षर बरं म्हणून यादी लिहायला मी! यादी अशी होती:

प्रार्थनाघर सारवणे आणि रंग देणे. चांदणीसाठी बांबू तोडून कामट्या काढणे. चांदणी बांधणे. कॅरल गाणाऱ्या मुलांबरोबर रात्री कंदील घेऊन जाणे. २४ तारखेच्या रात्रीची शेकोटी. २५ च्या सकाळी सतरंज्या घालणे. प्रीतिभोजनाचं पाणी भरणे, भात शिजवणे, पत्रावळी वाढणे, आणि सगळं आटोपल्यावर झाडलोट.

प्रत्येक कामापुढे नावं पडत होती. पण मध्येच अडखळायला झालं. एक नाव काढलं, की कुणीतरी म्हणे, 'ते तर तोडीला गेले.' दुसरं काढलं, तेही तोडीला. पाण्याच्या कामापुढे तर एकही नाव उरेना.

तोडीला म्हणजे ऊसतोडीला. बालमित्रांनो, दिवाळी झाली की आमच्या पाड्यांवरची पुष्कळ कुटुंबं ऊस तोडायला निघतात. काही दक्षिण गुजरातेत बारडोली, गणदेवीच्या बाजूला जातात, काही आपल्याच राज्यातल्या कारखान्यांकडे. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे 'कोयता' म्हणतात. एक जोडी म्हणजे एक कोयता! मुकादमाकडून आधीच पैसे घेतलेले असतात, त्याला म्हणतात उचल. ती फिटेपर्यंत परत यायचं नाही. मग शेताच्या कडेला पाल टाकून राहायचं. पहाटेच्या काळोखात उठायचं. आपण चहात साखर टाकतो ना, ती तिथून येते.

आणि मुलं? काही बरोबर जातात, मग शाळा सुटते. काही आजीजवळ राहतात. काही ठिकाणी हंगामी वसतिगृहाची सोय असते, काही ठिकाणी नसते. बरोबर जाणाऱ्या मुलांना आम्ही शिक्षण हमी कार्ड देतो. ते दाखवलं की दुसऱ्या गावच्या शाळेत बसता येतं. पण खरं सांगू? उसाच्या फडापासून शाळा लांब असली, तर ते कार्ड पिशवीतच राहतं.

तर त्या बैठकीत विजेच्या माळांचा विषय निघाला. तरुण पोरांना झगमगाट हवा होता. वर्गणीचा हिशेब मांडला गेला. इतक्यात मागून एक आजी उठल्या. त्या म्हणाल्या, 'यादी झाली का, गुरुजी? मग अजून एक ओळ लिहा. ज्यांचे मायबाप तोडीला गेले, त्या पोरांची संध्याकाळ कुणाची?'

सगळे गप्प झाले. पाड्यावर अशी अकरा मुलं होती. त्यांच्यातली तिघं तर डोळ्यांनी अधू झालेल्या आजोबांकडे राहत होती. ती शाळेत जेवत होती, कारण दुपारी शाळेत खिचडी मिळते. रात्रीचं काय, हे मी तरी कधी विचारलं नव्हतं.

माळांचे पैसे मग तांदूळ, डाळ आणि तेलाकडे वळले. एका तरुणाला ते पटलं नाही. तो म्हणाला, 'वर्षातून एकदा सण येतो, पाड्याने अंधारात बसायचं का?' त्याचंही खोटं नव्हतं. शेवटी माळ एकच घ्यायची, असं ठरलं. आणि माझ्या यादीत शेवटची ओळ पडली, 'संध्याकाळची पाळी'. आठवड्याचे सात दिवस, सात घरं. त्या दिवशी मुलांनी त्या घरी जेवायचं, तिथेच बसून अभ्यास करायचा. त्यातली दोन घरं मंडळीतली नव्हती. ती डोंगऱ्यादेव करणारी होती. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं, ती आपणहून आली. एकाने एवढंच म्हटलं, 'पाटाच्या पाळीला आम्ही असतो, तर हिला का नको?'

मला एकदम पांझरेचा फड आठवला. पाणी कमी पडलं तर तोटा सगळ्यांनी वाटून घ्यायचा. पाणी असो की पोरांची संध्याकाळ, हिशेब तोच!

खरी मोजणी कोणत्या दिवसाची?

आमच्या वर्गाच्या भिंतीवर मी विखर्न यांच्यासारखी दिवसांची पट्टी लावली. रोज एक चौकोन रंगवायचा. चौथीतली एक मुलगी रोज सर्वांत आधी येऊन मोजायची. मला वाटलं, हिला नाताळाची केवढी ओढ! तिचे आई-वडील तोडीला गेले होते. एके दिवशी ती म्हणाली, 'गुरुजी, ही पट्टी छोटी आहे. २५ तारखेला संपते. माझी आई तर होळीनंतर येते.'

मग आम्ही पट्टी लांब केली. अगदी खिडकीच्या पलीकडे गेली ती. आणि त्यातून वर्गाला एक नवीन गोष्ट कळली, ती तुम्हांलाही सांगतो.

ख्रिस्ती वर्षात नाताळाइतकाच, किंबहुना त्याहून मोठा सण म्हणजे ईस्टर, येशूच्या पुनरुत्थानाचा सण. तो दर वर्षी वेगळ्या तारखेला येतो. का बरं? कारण तो चंद्रावर अवलंबून आहे! २१ मार्चला किंवा त्यानंतर जी पहिली पौर्णिमा येते, तिच्यानंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. आपल्या पंचांगात ती पौर्णिमा कधी होळीची असते, कधी हनुमान जयंतीची. घरचं कॅलेंडर काढून पडताळा बघा. २०२४ साली होळी २४ मार्चला होती, ईस्टर ३१ मार्चला. २०२५ साली हनुमान जयंती १२ एप्रिलला होती, ईस्टर २० एप्रिलला. आहे की नाही गंमत? होळी, हनुमान जयंती आणि ईस्टर, तिघांचा चंद्र एकच.

आणि साधारण त्याच सुमारास कारखान्यांचे हंगाम संपत येतात. कोयते घरी परततात. म्हणून आमच्या पाड्यावर ईस्टरच्या पहाटे प्रार्थनाघर जितकं भरतं, तितकं नाताळातही भरत नाही. ज्यांनी डिसेंबरात पाणी भरलं, त्यांना त्या दिवशी विश्रांती. त्या दिवशीची पाळी परत आलेल्यांची!

येत्या वर्षातली तारीखवही

आता ही छोटी तारीखवही वहीत उतरवून घ्या. कुणाला बघायला जायचं असेल तर उपयोगी पडेल. वेळा गावोगाव वेगळ्या असतात, म्हणून आधी विचारून घ्यावं.

दर रविवारी सकाळी उपासना आणि मुलांची शब्बाथशाळा. नाताळाआधीचे चार रविवार आगमनकाळ. २४ डिसेंबरच्या रात्री गाणी, २५ ला सकाळी उपासना आणि प्रीतिभोजन. ३१ डिसेंबरच्या रात्री सरत्या वर्षाचे आभार मानायला उपासना. पुढे ईस्टरच्या आधी रविवार सोडून चाळीस दिवसांचा उपवासकाळ. ईस्टरच्या आधीचा रविवार म्हणजे झावळ्यांचा रविवार, त्या दिवशी मुलं हातात झावळ्या घेऊन गात फेरी काढतात. मग उत्तम शुक्रवार, तो शांततेचा आणि दुःखाचा दिवस. त्या दिवशी कुणाला 'हॅपी' वगैरे म्हणायचं नसतं, बरं का! मग ईस्टर.

आणि पीक घरात आलं की हंगामाचा सण. हा तर तुम्हांला फारच आवडेल. लोक शेतातलं पहिलं धान्य आणतात. भात, नागली, तूर, भोपळा, कधी कोंबडीसुद्धा! मग त्यांचा लिलाव होतो. एका भोपळ्यासाठी दोन काकांची अशी चढाओढ लागते, की हसून हसून पोट दुखतं. आलेले पैसे मंडळीच्या कामाला लागतात.

सेवेचं काम फक्त सणापुरतं असतं, असंही नाही. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस तिथली झाडं, विहिरी आणि शेतं वाचवण्यासाठी 'हरित वसई'चं आंदोलन उभं केलं. त्यात सगळ्या धर्मांचे लोक होते. पुढे २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २०२४ साली ते गेले. आणि आमच्या पिंपळनेरजवळच्या बारीपाडा गावाने श्रमदानाने आपलं जंगल राखलं. त्या कामात पुढाकार घेणाऱ्या चैत्राम पवार यांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली. बघा, वसई समुद्राकाठी आणि बारीपाडा डोंगरात, पण दोन्हीकडे माणसांनी आपापली पाळी ओळखली.

तुमची पाळी

तुम्ही म्हणाल, 'आम्ही लहान. आम्ही काय करणार?' पुष्कळ करता येईल!

पहिलं काम, चांदणी. बांबूच्या दहा सारख्या लांबीच्या कामट्या घ्या. पाच-पाच कामट्यांची दोन चांदण्या बांधा. एकीवर एक ठेवून पाचही टोकं दोऱ्याने बांधा. मग आतल्या पाच कोपऱ्यांत छोट्या काड्या उभ्या अडकवा, म्हणजे चांदणी फुगते. वरून पतंगाचा कागद चिकटवा. आत मेणबत्ती लावू नका, कागद पेट घेतो. छोटा दिवा मोठ्यांकडून बसवून घ्या. धुण्यासारख्या कामट्या साळून घ्यायलाही मोठ्यांचीच मदत घ्या, हात कापतो.

दुसरं काम, पंगतीचं. सण कुणाचाही असो, पाणी वाढायला आणि नंतर झाडायला हात लागतातच. जाताना चपला बाहेर काढा, प्रार्थना चालू असताना शांत बसा, न समजलेलं नंतर विचारा. कुणीही रागावत नाही.

तिसरं काम, पत्र. तुमच्या वर्गातला कुणी तोडीला किंवा कामाला परगावी गेला असेल, तर त्याला पत्र लिहा. कोणता धडा झाला, कोण कबड्डीत जिंकलं, सगळं लिहा. तिथे जाणाऱ्या कुणाच्या हाती द्या, किंवा मोबाइलवर वाचून दाखवा. वर्गात आपली जागा अजून राखून ठेवली आहे, हे कळलं की मूल परत येतं. हे मी अनुभवाने सांगतो.

आणि चौथं काम पालकांसाठी आहे. आपल्या गल्लीत, वस्तीत असं एखादं मूल असेल, ज्याची संध्याकाळ रिकामी आहे. त्याच्यासाठी आठवड्यातला एक दिवस वाटून घ्या. सात घरं मिळाली, तर एकालाही भार होत नाही.

आमच्या वर्गातली ती लांब पट्टी अजून भिंतीवर आहे. रोज एक चौकोन रंगतो. या थंडीत पांझरेकाठी आलात, तर शाळेत जरूर डोकवा. एक चौकोन तुमच्यासाठी ठेवतो.

तुमचाच,
गुरुजी